टर्बो लाल होतोय? मोठी हाउसिंग टाकण्याआधी आणि टाकताना

मे महिन्यातली रात्र, साडेबारा वाजून गेलेले. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-तळेगाव रस्त्यावरच्या आमच्या गॅरेजसमोर रुईच्या गाठी भरलेला सहाचाकी ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हर खाली उतरलाच नाही, खिडकीतूनच म्हणाला, "मिस्त्री, लवकर या वर. टर्बो निखाऱ्यावानी दिसून राह्यला."

कॅबिनमधलं इंजिनाचं झाकण उचललं, बॅटरी विझवली. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या गॅसच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारं चक्र. खरंच, त्याची गरम बाजू अंधारात मंद लाल दिसत होती, सिलिंडरमधला गॅस गोळा करून टर्बोकडे नेणाऱ्या मॅनिफोल्डचं तोंडही. वर ताडपत्रीखाली दहा टन कापूस आणि खाली हा निखारा. मालकाचा फोन आला तेव्हा त्याच्याकडे इलाज तयारच होता: "तिकडे ढाब्यावर एकानं सांगतलं, मोठी हाउसिंग टाका, गाडी थंड पडते. टाकून देता का?"

ढाब्यावरच्या त्या माणसाचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. टर्बाइनची हाउसिंग, म्हणजे टर्बोच्या गरम बाजूचं बिडाचं कवच, एक नंबर मोठी केली की सायलेन्सरकडे जाणाऱ्या गॅसची गरमी उतरू शकते. पण कधी उतरते, कधी उलट वाढते आणि कधी फरकच पडत नाही, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. त्या ट्रकवर जे केलं, ज्या क्रमानं केलं, ते इथे लिहितो.

आधी गाडी कोणती ते बघा

हे सगळं जुन्या, यांत्रिक डिझेल पंपाच्या गाड्यांसाठी आहे. माझ्यासमोर होता तो टाटाचा ट्रक, 5.9 लिटरचं सहा सिलिंडरचं कमिन्स 6बीटी इंजिन आणि होलसेटचा टर्बो. बीएस-3 आणि त्याआधीच्या (बीएस म्हणजे धुराचे सरकारी निकष) अशा गाड्या आपल्याकडे अजून पुष्कळ चालतात.

1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाडीला या कामासाठी हात लावू नका. तिच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि साठलेली काजळी जाळायला त्याला साडेपाचशे-सहाशे अंशांची गरमी मुद्दाम लागते. युरियाचं द्रावण मारून धूर साफ करणारी यंत्रणासुद्धा सायलेन्सर पुरेसा तापल्याशिवाय काम करत नाही. म्हणजे तिथे गरमी कमी करणं हाच बिघाड. युरियाच्या टाकीच्या बीएस-4 गाड्यांनाही हेच लागू.

कायद्याचंही आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर सांगितलेलं कोणी ऐकत नाही. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 गाडीतल्या फेरफाराबद्दल आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या फेरफारासाठी मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून माझा नियम असा: टर्बो बनवणाऱ्याच्या यादीत त्याच इंजिनासाठी, त्याच टर्बोसाठी दुसऱ्या मापाची हाउसिंग दिलेली असेल तरच ती लावायची. पार्ट नंबर बिलावर घ्यायचा, आरटीओत आणि विमावाल्याकडे आधी विचारून घ्यायचं आणि काम झाल्यावर पीयूसी नव्याने करायची. यादीत नसेल तर विषय तिथेच थांबवायचा.

लाल म्हणजे किती गरम

लोखंड अंधारात पहिल्यांदा लाल दिसायला लागतं ते सव्वापाचशे अंशांच्या आसपास. पिकलेल्या चेरीसारखा गडद लाल रंग साधारण साडेसहाशे-सातशेला येतो. नारिंगीकडे झुकायला लागलं की आठशे-नऊशेच्या पुढे गेलं समजा. म्हणजे भरलेली गाडी घाट चढून आली आणि टर्बो अंधारात जेमतेम लाल दिसला, तर ते आजारपण असेलच असं नाही. दिवसा उजेडी लाल दिसत असेल तर मात्र गाडी पुढे नेऊ नका.

टर्बोच्या आधी, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये, सतत चढावर सातशे अंशांच्या आत राहणारी गाडी मी बरी समजतो. सव्वासातशे-साडेसातशे काही सेकंद गेलं तर चालतं, पण तेवढं मिनिटामागून मिनिट राहिलं तर पिस्टनचं डोकं, व्हॉल्व्ह आणि टर्बोचं चक्र तिघांचंही आयुष्य खातं. पिस्टन अॅल्युमिनियमचा असतो आणि शुद्ध अॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. मग सातशेत तो टिकतो कसा? खालून तेलाचा फवारा बसतो, प्रत्येक फेरीत गार हवा आत येते, म्हणून पिस्टन स्वतः गॅसपेक्षा बराच गार असतो. हवा कमी पडली की हा हिशेब बिघडतो.

आणि आपल्याकडे हवाच कमी पडते. डिसेंबरच्या पहाटे 12 अंशांची हवा आणि मेच्या दुपारी 46 अंशांची हवा यांत वजनाचा फरक दहा-अकरा टक्क्यांचा आहे. पंप डिझेल तेवढंच देतो, सिलिंडरमध्ये हवा मात्र दहावा हिस्सा कमी. पुण्या-नाशिककडच्या मिस्त्रीला जे कोष्टक चालतं, ते वर्ध्या-चंद्रपुरात उन्हाळ्यात जसंच्या तसं चालत नाही ते यामुळे.

मीटर बसवल्याशिवाय पाना हातात घेऊ नका

गरमीचा मीटर, म्हणजे पायरोमीटर, के-टाइप थर्मोकपलचा, म्हणजे दोन धातूंच्या जोडानं गरमी ओळखणाऱ्या सुईचा, घ्या. त्याची सुई मॅनिफोल्डमध्ये, टर्बोच्या आधी बसली पाहिजे. बरेच जण सोपं पडतं म्हणून टर्बोच्या नंतर, सायलेन्सरच्या पाइपात बसवतात. तिथे भरलेल्या गाडीत शंभर ते दोनशे अंश कमी दिसतं, आणि नेमकं किती कमी ते दर गिअरला बदलतं. असा मीटर नुसता जिवाला बरं वाटण्यापुरता.

6बीटीच्या मॅनिफोल्डमध्ये दोन गाळे असतात. पहिल्या तीन सिलिंडरचा गॅस एका गाळ्यातून आणि शेवटच्या तिघांचा दुसऱ्यातून टर्बोपर्यंत वेगवेगळा येतो. दोन्हींत सुई बसवता आली तर उत्तम, कारण डिझेल फवारणारा एखादा नोझल थेंब गाळत असेल तर एका गाळ्याचा आकडा दुसऱ्यापेक्षा वर जातो आणि चोर आपोआप सापडतो. एकच बसवायची असेल तर टर्बो जिथे बोल्टनं बसतो त्या फ्लॅन्जच्या जरा आधी, गाळ्याच्या मधोमध टोक येईल अशी बसवा.

भोक 8.7 मिलिमीटरचं, आटा एक सूत (1/8 इंच) पाइपचा. हा आटा निमुळता असतो, त्यामुळे टॅप पूर्ण आत घालू नका, अर्ध्यावर थांबून सुईचा नट लावून बघा. काम मॅनिफोल्ड काढूनच करा. "ड्रिलला ग्रीस लावून जागेवरच करून टाकतो" म्हणणारे भेटतील. बिडाचा एक कण टर्बोच्या चक्रात गेला तर त्या ग्रीसचे दोन रुपये चांगलेच महाग पडतात. मिनिटाला एक लाखाच्या वर फेरे मारणारं चक्र आहे ते.

वायर मीटरसोबत आलेलीच वापरा. लांबी कमी पडली म्हणून साधी तांब्याची वायर इंजिनाजवळ जोडली तर तो जोड मीटरपेक्षा जितका जास्त गरम, साधारण तितका आकडा खोटा, आणि तोही कमी दिसतो. आमच्याच पोऱ्यानं एकदा असं केलं होतं. सगळे खुश, गाडी किती थंड चालते म्हणून!

सोबत हवेच्या दाबाचा मीटर इंटेक मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा वाटणाऱ्या पाइपाला, लावा. आता त्याच रस्त्यावर, तेवढाच माल भरून, भर दुपारी गाडी चालवा आणि आकडे वहीत लिहा. आमच्याकडे चाचणीची जागा ठरलेली आहे, तळेगावजवळचा सत्याग्रही घाट. नागपूर-अमरावती रस्त्यावर गाडी लादून चालवणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक आहे. त्या ट्रकचा पहिला आकडा आला 765.

फुकटात उतरणारी गरमी आधी उतरवा

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि मालकाला सगळ्यात कंटाळा इथेच येतो.

हवेचा फिल्टर. काळ्या मातीची धूळ उन्हाळ्यात पिठासारखी उडते. फिल्टर बाहेरून झटकला की स्वच्छ वाटतो, आत घड्यांमध्ये लेप बसलेला असतो. नवा टाका, जुना वाऱ्यानं मारून परत लावू नका. फिल्टरला हवा आणणारा उभा पाइप कुठे फुटलाय का तेही बघा. त्या ट्रकचा रबरी बेंड इंजिनाजवळच चिरलेला होता, म्हणजे बाहेरच्या 45 अंशांऐवजी तो बॉनेटखालची सत्तर-ऐंशी अंशांची हवा ओढत होता. वर धूळही फिल्टरला बगल देऊन जात होती की नाही, ते टर्बोचं गार चक्र बघितल्यावर कळतं. धुळीनं खाल्लेलं चक्र कडांना बोथट होतं.

इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी गार करणारी जाळी. जिनिंगमधून माल उचलणाऱ्या गाडीचा इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या मध्ये कापसाच्या तंतूंची गादी तयार होते. समोरून दिसत नाही. दोघांचे बोल्ट ढिले करून मध्ये बोट घाला. आम्ही त्या रात्री बोट घातलं आणि रुईची अख्खी गादी बाहेर आली, वर तेलकट, खाली काळी, मध्ये तुरीचा भुसा आणि एक वाळलेला नाकतोडा. हवा कशी जाणार? पाणी आणि साबण लावून मागून पुढे धुवा. जोराचा फवारा तिरपा मारला की पाती दुमडतात, सरळ मारा.

होज आणि क्लिपा. टर्बोच्या तोंडाला बूच बसवून आत एक किलोच्या (दर चौरस सेंटीमीटरला) आत दाबाची हवा सोडा आणि साबणाचं पाणी फिरवा. बुडबुडे आले की गळती. जास्त दाब देऊ नका, बूच बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं, त्याच्या समोर उभंही राहू नका.

मॅनिफोल्डचं पॅकिंग. टर्बोच्या आधी गॅस गळत असेल तर टर्बोला जोर कमी मिळतो, हवा कमी येते, गरमी वाढते. गळतीच्या जागी काळा पट्टा उमटलेला असतो.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट. 6बीटीला इंजिन थंड असताना इंटेक 0.25 आणि एक्झॉस्ट 0.51 मिलिमीटर. फिलर गेज लावून, अंदाजानं नाही.

आणि मग पंप. गरमी डिझेलमधून येते आणि हवा ती घेऊन जाते, एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तर निम्मे प्रश्न सुटतात. पंपाचं सील तोडून डिझेल वाढवलेलं असेल तर कोणतीही हाउसिंग तुम्हाला वाचवणार नाही. मी विचारलं तेव्हा ड्रायव्हर आधी नाही म्हणाला. नंतर चहा पिताना हळूच, "थोडंसं वाढवलं होतं जी, पिकअप नव्हतं ना." पिकअप नव्हतं कारण इंटरकूलरमध्ये गादी होती. पंप बेंचवर लावून डिझेल मूळ मापावर आणलं, नोझलचा दाब तपासला, टायमिंग बघितलं. टायमिंग मागे पडलेलं असलं की डिझेल उशिरा जळतं आणि जळता जळताच बाहेर पडतं, ती गरमी मग टर्बोलाच सोसावी लागते.

एवढं करून परत घाट. आकडा 715. पन्नास अंश उतरले आणि अजून हाउसिंगला हात लागलेला नव्हता. दहापैकी सात-आठ गाड्यांचं काम माझ्या अनुभवात इथेच संपतं, उरलेल्यांसाठी पुढचं.

गॅस तुंबतोय का, ते मोजा

टर्बोची गरम बाजू गोगलगाईच्या शंखासारखी असते. गॅस रुंद तोंडातून आत शिरतो, वेटोळ्यात निमुळता होत जातो आणि जोरानं चक्रावर आदळतो. वाट अरुंद असेल तर जोर लवकर मिळतो, टर्बो खालच्या आरपीएमला पकडतो. पण इंजिन वर गेलं की तीच अरुंद वाट गॅस तुंबवते. यात्रेच्या गर्दीत देवळाचं दार अरुंद असलं की मागे रेटारेटी होते, तसंच. सिलिंडर पूर्ण रिकामा होत नाही, जुना तापलेला गॅस आतच राहतो आणि नव्या हवेला जागा कमी मिळते.

हे तुंबणं मोजता येतं. मॅनिफोल्डवर आणखी एक भोक पाडून तिथून स्टीलची बारीक नळी काढा, तिला मीटरभर लांबीचे वेढे द्या म्हणजे गॅस निवतो, आणि पुढे दाबाचा मीटर लावा. आता घाटात एकाच वेळी दोन आकडे वाचायचे: इंटेकमधला हवेचा दाब आणि टर्बोआधीचा गॅसचा दाब.

दोन्ही जवळपास सारखे असतील तर हाउसिंग योग्य आहे, गरमीचं कारण दुसरीकडे शोधा. गॅसचा दाब हवेच्या दीडपट असेल तर रोजच्या कामाला चालतं. दुपटीच्या वर गेला तर वाट अरुंद आहे, किंवा पुढे सायलेन्सर तुंबलाय. म्हणून आधी सायलेन्सर ढिला करून एक चक्कर मारा. आमच्या ट्रकला हवा सव्वा किलो आणि गॅस पावणेतीन किलो आला, सायलेन्सर मोकळा करूनही. चौकशी केली तेव्हा कळलं की दोन वर्षांपूर्वी टर्बो बदलताना कुणीतरी लहान नंबरची हाउसिंग बसवली होती, पिकअप चांगलं लागतं म्हणून.

नंबर कसा निवडायचा

होलसेटच्या या घराण्यातल्या टर्बोवर गरम हाउसिंगच्या अंगावर आकडा ओतलेला असतो, 12, 14, 16, 18 असा. तो वाटेच्या घशाचं क्षेत्रफळ सांगतो, चौरस सेंटीमीटरमध्ये. काही कंपन्या त्याऐवजी 0.63, 0.82 असे आकडे देतात, ते क्षेत्रफळ आणि केंद्रापासूनचं अंतर यांचं गुणोत्तर असतं. दोन्हींत आकडा मोठा म्हणजे वाट मोठी.

एका वेळी एकच पायरी चढा. 12 असेल तर 14. थेट 18 लावण्याचा मोह खूप होतो, कारण मोकळ्या रस्त्यावर वरच्या आरपीएमला गाडी मस्त थंड चालते. पण भरलेली गाडी बारा-तेराशे आरपीएमवर चढाला लागली की टर्बो उठतच नाही, हवा येत नाही, काळा धूर निघतो आणि आकडा आधीपेक्षाही वर जातो. शेतातून ऊस किंवा संत्र्याचा माल काढणाऱ्या, पांदणीतून कणाकणानं पुढे सरकणाऱ्या गाडीला मोठी हाउसिंग शत्रू आहे. दिवसभर महामार्गावर पळणाऱ्या गाडीला ती मित्र. गाडी काय काम करते हे मालकाला आधी विचारा.

हाउसिंग घेताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. आत येण्याचं तोंड दोन गाळ्यांचं असेल तर नवंही दोन गाळ्यांचंच, आणि पॅकिंगही मधल्या भिंतीचं. जुन्या हाउसिंगमध्ये वेस्टगेटची, म्हणजे जास्तीचा गॅस चक्राला बगल देऊन सोडणारी, झडप असेल तर नव्यातही हवी, नाहीतर दाबावर ताबा राहत नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: चक्र तेच. हाउसिंगचा आतला उतार चक्राच्या पात्यांच्या आकाराला तासलेला असतो, मधली फट केसाएवढी. दुसऱ्या चक्राची हाउसिंग वरवर बसते, पण एकतर घासते किंवा सगळा गॅस फटीतून निसटतो.

इथेच ते ग्राइंडरचं प्रकरण येतं. जुनीच हाउसिंग आतून घासून मोठी करून देणारे लोक आहेत, लेथवर उतार वाढवून देणारेही. मी दोन्ही करत नाही. वेटोळ्यातली जीभ, म्हणजे जिथे वाट संपून पुन्हा सुरू होते ती धार, थोडी जरी जास्त गेली तरी गॅसचा मार कुठे बसेल सांगता येत नाही. भिंत एका जागी पातळ झाली की तापून तिथेच तडा जातो. तोंडाशी पॅकिंगच्या आत आलेली ओताची कड कानशीनं उतरवणं, एवढंच घासकाम चालतं.

काढणं आणि जोडणं

इंजिन पूर्ण थंड, बॅटरीची तार काढलेली. आदल्या संध्याकाळीच सगळ्या स्टडवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

तरीही एखादा स्टड हटून बसतोच. त्या ट्रकचा मॅनिफोल्डकडचा आतला नट गंजून गोल झाला होता, रिंग पाना फिरून यायचा. गॅसच्या टॉर्चनं नट लाल केला, ज्वाळा बाजूला घेतली आणि घरातली पांढरी मेणबत्ती आट्याच्या मुळाशी टेकवली. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं, पाण्यासारखं, वर धूर निघतो. मग पाना लावून पाव फेरा उलटा, पुन्हा पाव फेरा सुलटा. किर्र असा आवाज आला की समजायचं सुटला. एकाच दिशेनं जोर लावला असता तर स्टड मॅनिफोल्डमध्ये तुटला असता आणि आणखी एक दिवस ड्रिल करण्यात गेला असता. कापसाची गाडी असेल तर टॉर्च पेटवण्याआधी माल उतरवा. पोरं हसतात, हसू द्या.

टर्बो खाली काढण्याआधी गरम हाउसिंग, मधली बॉडी आणि गार हाउसिंग यांवर एका रेषेत छिन्नीनं खूण करा. तेलाची वरची नळी, खालची परतीची नळी काढा आणि सगळ्या भोकांत स्वच्छ कापड खोचा. कापूस नको, त्याचे तंतू आत राहतात.

टर्बो बाकावर आला की चक्र बोटानं हलवून बघा. वर-खाली थोडी हालचाल जाणवते, तेल नसताना ते साहजिक आहे, पण पाती कुठे टेकता कामा नयेत. आत-बाहेर हालचाल बोटाला कळली तर बेअरिंग गेलंय. त्या टर्बोला नवी हाउसिंग लावणं म्हणजे फाटक्या धोतराला नवी किनार.

गरम हाउसिंग बोल्ट आणि पट्ट्यांवर किंवा गोल क्लॅम्पवर बसलेली असते. ती सुटत नसेल तर लाकडी मोगरीनं सगळीकडून हळूहळू ठोका, एका बाजूनं ओढू नका. चक्राच्या पात्यावर एक ठोका बसला की तोल गेला. चक्रावरची काजळी तारेच्या ब्रशनं घासायची नाही, तीही तोलच बिघडवते.

नवी हाउसिंग बसवताना बसायची जागा बारीक पॉलिश कागदानं साफ करा, पट्ट्या नव्या घ्या, बोल्टच्या आट्यांना उष्णता सोसणारी तांब्याची पेस्ट लावा. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा आणि प्रत्येक फेरीनंतर चक्र हातानं फिरवा. घासल्याचा किंचितही आवाज आला तर सोडा आणि परत बसवा. मधली बॉडी अशी फिरवा की परतीची तेलनळी जवळजवळ सरळ खाली उतरेल. ती आडवी झाली तर तेल बॉडीत साठतं, सीलमधून गळतं आणि निळा धूर येतो. मग लोक नव्या हाउसिंगला शिव्या देतात.

टर्बो मॅनिफोल्डवर नव्या पॅकिंगसह. 6बीटीला टर्बोचे नट साधारण 32 न्यूटन-मीटर, मॅनिफोल्डचे बोल्ट 43. टॉर्क पाना नसेल तर शेजाऱ्याकडून मागा.

हाउसिंगच्या वरचं पत्र्याचं आवरण परत लावा. अनेक गाड्यांत ते कधीच भंगारात गेलेलं असतं, त्या ट्रकचंही गेलं होतं. दीड मिलिमीटरच्या पत्र्याचं नवं करून घेतलं. कापूस, कडबा, सोयाबीनचं कुटार वाहणाऱ्या गाडीत हा पत्रा टर्बोइतकाच गरजेचा आहे. उलट हाउसिंगभोवती कापडी पट्टा गुंडाळायच्या फंदात पडू नका. आतली गरमी आत कोंडून बिडाला तडे जातात, वर त्याच्यावर तेल सांडलं तर तो पेटतो.

पहिली सेल्फ

वरच्या तेलनळीच्या भोकातून पन्नास-साठ मिलिलिटर स्वच्छ इंजिन ऑइल ओता, चक्र हातानं फिरवत. नळी लावा. डिझेल बंद ठेवून सेल्फ मारा, ऑइलच्या काट्यानं दाब दाखवेपर्यंत, एका वेळी पंधरा-वीस सेकंदांच्या वर नाही. मग स्टार्ट करा आणि पाच मिनिटं स्लोवरच ठेवा. या वेळी रेस देणारा पोऱ्या गॅरेजात ठेवू नका. नव्या रंगाचा आणि पेस्टचा धूर निघेल, घाबरू नका. गॅस गळतोय का ते हात न लावता, कानानं ऐका.

घाटावर परत गेलो तेव्हा तेवढाच माल, दुपारी दोनची वेळ, बाहेर 44. हवा सव्वा किलोच्या जरा खाली, गॅस पावणेदोन किलो, गरमी 655. सोळाशे आरपीएमच्या वर गाडी मोकळी वाटत होती. बाराशेला मात्र ती आधीपेक्षा जड झाली, ड्रायव्हरला ते लगेच कळलं. "खालून थोडी सुस्त वाटते जी." वाटणारच. त्याला सांगितलं, आता टॉपमध्ये रडवत चढू नको, आकडा सातशेकडे सरकला की गिअर खाली टाक आणि सोळाशे ते वीसशेच्या मध्ये धर. पहिले दोन दिवस त्यानं मीटरकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी फोन: "मिस्त्री, गिअर टाकला का काटा बरोबर खाली येते." त्यानंतर मला त्याला काही सांगावं लागलं नाही.

घाट चढून ढाब्यावर थांबलात तर इंजिन लगेच बंद करू नका, तीन ते पाच मिनिटं स्लोवर राहू द्या. नाहीतर बेअरिंगमधलं थांबलेलं तेल तापलेल्या शाफ्टवर जळून कोळसा होतं.

पाचशे किलोमीटरनंतर गाडी परत बोलावली. थंड इंजिनावर सगळे नट टॉर्क पान्यानं तपासले, मॅनिफोल्डचे दोन पाव फेरा बसले. इंटरकूलरच्या मागे पुन्हा बोट घातलं. पंधरा दिवसांत रुईचा पातळ थर जमलाच होता. आता त्याच्या कॅबिनमध्ये जुनं पेंटब्रश आणि साबणाची बाटली कायम असते, आणि दर आठवड्याला तो स्वतःच तो थर काढून मला दाखवायला आणतो.